उन्हाळी सुट्टी कुणाची?

समीक्षा करताना आपण बहुधा पुस्तकापाशी थांबतो. पुस्तक कुणाच्या हाती जाते, कोणत्या वेळी जाते, आणि ज्याच्या हाती ते जात नाही तो त्या वेळी कुठे असतो, हे प्रश्न आपण ग्रंथपालांचे म्हणून बाजूला सारतो. वास्तविक हे प्रश्न वाङ्मयीन आहेत. जी संस्था वाचक घडविते ती अभिरुचीही घडविते. आणि ज्याला ती वाचक मानत नाही त्याच्या अनुभवाला साहित्यात जागा मिळायला फार उशीर होतो. दलित साहित्याला हा उशीर किती सोसावा लागला हे आपण जाणतो. म्हणून सार्वजनिक वाचनालयातील उन्हाळी वाचनाच्या उपक्रमाची, एखाद्या पुस्तकाची करावी तशी चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लाखनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, भंडारा आणि साकोली यांच्यामध्ये, मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले. भोवती धानाची शेती, तलाव आणि जंगल. अशा गावांतून एप्रिल संपत आला की वाचनालयाच्या फलकावर एक सूचना लागते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही लहान गावी ती थोड्याफार फरकाने सारखीच असते: मुलांसाठी उन्हाळी वाचन शिबिर, कथाकथन, सुंदर हस्ताक्षर, वक्तृत्व, शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ. वेळ सकाळची, कारण दुपारचे ऊन सोसवत नाही. विदर्भात शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. सुट्टी लांब असते. त्या सुट्टीत मुलांनी वाचावे असे कुणाला वाटले, तर त्यात वाईट काय?

वाईट काही नाही. परंतु या सूचनेत एक वाचक गृहीत धरलेला आहे, आणि तो कोण हे पाहिले पाहिजे. त्याला सकाळ मोकळी आहे. त्याला घरून कुणीतरी आणून सोडते. अनामत भरणे हा त्याच्या घरी चर्चेचा विषय होत नाही. घरात एक कोपरा असा आहे की जेथे पुस्तक ठेवले तर ते ओले होत नाही आणि चुलीत जात नाही. मुख्य म्हणजे त्याला सुट्टी आहे.

आता त्याच दिवसांत आपल्या वस्त्यांकडे पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, ती पहाटे वेचावी लागतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. तो काही आठवड्यांचाच असतो, म्हणून घरातला प्रत्येक हात त्याला लागतो. माणसे पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, ऊन तापायच्या आत भारे घेऊन घरी येतात, आणि मग दुपारभर पाने जुळविणे आणि पुडके बांधणे चालते. सत्तर पानांचे एक पुडके. सायंकाळी ते फळीवर मोजून द्यायचे. पानांची मोजणी आणि जुळणी मुले करतात. लहान बोटांना ते काम चांगले जमते असे सांगितले जाते. कुठे उन्हाळी धानाची कापणी असते, कुठे विटाभट्टी, कुठे तलावातील गाळ काढण्याचे काम. बाई कामावर गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची मुलगी घरी राहते. शिबिराची वेळ सकाळची आहे. पत्ता तोडून परत येण्याची वेळही तीच आहे. दोन्ही ठिकाणी मुले पानेच मोजत असतात. फरक एवढाच की एका मोजणीला बक्षीस मिळते आणि दुसरीने पावसाळ्याचे धान्य भरले जाते.

मराठी शाळेतून जो कुणी गेला त्याने ‘माझी उन्हाळी सुट्टी’ हा निबंध लिहिलेला असतो. आमच्या पिढीने, म्हणजे ज्यांच्या घरात आधी कुणी पदवीधर नव्हते त्या मुलांनी, त्या निबंधात मामाचा वाडा लिहिला, आमरस लिहिला, आगगाडीचा प्रवास लिहिला. यातले काहीच घडलेले नव्हते. आमचे पहिले ललित लेखन हे असे दुसऱ्याच्या सुट्टीचे होते. ते आम्हाला कुणी मुद्दाम शिकविले नाही. निबंधाच्या नमुन्यात जे होते तेच निबंधाला योग्य, आणि आमच्याकडे जे होते ते लिहिण्यासारखे नाही, हे आम्ही आपोआप समजलो. आज महाविद्यालयात शिकविताना मला दिसते की पहिल्या वर्षाला येणारी मुले-मुली अजून याच समजुतीने पेन उघडतात. फळीवरचा हिशेब, ठेकेदाराचा माणूस पुडके बाद करतो तेव्हाची आईची मुद्रा, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. पण ते साहित्य आहे असे त्यांना कुणी सांगितलेले नसते. वाचनालयाचा उन्हाळी उपक्रम हे सांगू शकला असता. तो सांगत नाही, हा माझा त्याच्यावरील पहिला आक्षेप आहे.

ही केवळ आपल्या गावची गोष्ट नाही. मुलांसाठी उन्हाळी वाचनाचे उपक्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी सुरू केले. त्यांचा खरा उपयोग कुणाला, याचा शोध पुढे पुष्कळ वर्षांनी घेतला गेला. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून 1978 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले की गरीब आणि सुखवस्तू मुलांमधले अंतर शाळा चालू असताना फारसे वाढत नाही, ते उन्हाळ्यात वाढते. आणि सुट्टीतल्या शिकण्याशी सर्वांत घट्ट संबंध वाचनाचा आणि ग्रंथालयाच्या वापराचा असतो. अटलांटा हे काळ्या आणि गोऱ्या मुलांचे शहर. तेव्हा हा निष्कर्ष आपण आपल्या भाषेत असा वाचला पाहिजे: शाळा विषमता मिटवीत नाही, पण तिला काही काळ थोपवून धरते. शाळा बंद झाली की समाजव्यवस्था पुन्हा पूर्ण वेळ कामाला लागते. म्हणून उन्हाळ्यात उघडे असलेले वाचनालय ही करमणुकीची जागा समजणे चूक आहे. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याच्यासाठी ती शाळेइतकीच निकडीची आहे.

अमेरिकेतील काळ्या माणसांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. दक्षिणेकडील राज्यांत सार्वजनिक ग्रंथालये गोऱ्यांची होती. 27 मार्च 1961 रोजी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात टूगालू महाविद्यालयाचे नऊ काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात जाऊन शांतपणे वाचत बसले आणि त्यांना अटक झाली. वाचणे हाच गुन्हा होता. तीन वर्षांनी, 1964 च्या उन्हाळ्यात, त्याच राज्यात मतदार नोंदणीच्या लढ्याबरोबर सुमारे चाळीस ‘स्वातंत्र्य शाळा’ चालविल्या गेल्या. दोन हजारांहून अधिक काळी मुले-माणसे तेथे आली. जोडीला देणगीच्या पुस्तकांची छोटी ग्रंथालये उभी राहिली. या शाळांना कामाच्या वेळापत्रकाचाही विचार करावा लागला. मिसिसिपीच्या कापूस-पट्ट्यात काळ्या मुलांच्या शाळा शरद ऋतूत कापूस वेचणीसाठी बंद ठेवीत आणि उन्हाळ्यात भरवीत. मालकाच्या पिकाप्रमाणे मुलांची सुट्टी ठरत असे. कार्यकर्त्यांनी ते ओळखून शाळेच्या वेळा बदलल्या, आणि मुलांना आपल्या जगण्याविषयी लिहायला लावले. उन्हाळी उपक्रम कुणासाठी आहे हे एकदा ठरले की त्याची वेळ, जागा आणि पुस्तके आपोआप बदलतात.

आपल्याकडे हे ठरले नाही, कारण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा हिशेब कधी पुरा झाला नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे तो म्हणतो. महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या पायावर 1927 मध्ये उभा राहिला. या यादीत वाचनालयाचा स्वतंत्र उल्लेख नाही. भंडारा त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते, मध्यप्रांतात होते, ही गोष्ट वेगळी. पण यादीतले हे मौन दोन्ही प्रांतांना लागू पडणारे आहे. पाण्याचा हक्क जाहीर झाला, पुस्तकाचा हक्क गृहीतही धरला गेला नाही.

बडोद्याचे उदाहरण याहून बोलके आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून संस्थानभर मोफत वाचनालये उभारली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत पाठविल्या. असे काम हिंदुस्थानात त्याआधी झाले नव्हते, आणि त्याच राजाने बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली. परंतु 1917 मध्ये कोलंबियाचे शिक्षण घेतलेले बाबासाहेब नोकरीसाठी त्या बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या शहरात पुस्तकाची पेटी खेड्यापर्यंत पोहोचत होती, त्या शहरात सर्वांत मोठ्या वाचकाला छप्पर नव्हते. ग्रंथालय सुधारले म्हणून समाज सुधारत नाही, हा धडा आपण बडोद्याकडून घ्यायचा. आणि पेटी फिरू शकते, हाही.

स्वातंत्र्यानंतर 1967 मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. मद्रासच्या 1948 च्या कायद्याप्रमाणे त्यात ग्रंथालय-कर नाही. गावोगावच्या नोंदणीकृत संस्थांनी वाचनालये चालवायची आणि शासनाने त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यायचे, अशी ही रचना आहे. म्हणजे पैसा सार्वजनिक आणि कारभार मंडळाचा. मंडळात कोण असते? गावातले वकील, व्यापारी, निवृत्त शिक्षक, पुढारी. त्यांतले कित्येक सज्जन असतात. पण मंडळाची सभासद-यादी आणि गावाची लोकसंख्या यांच्यात जे अंतर असते तेच पुढे शिबिराच्या वेळेत आणि पुस्तकांच्या कपाटात उतरते. त्यासाठी कुणी कुणाला दारातून हाकलण्याची गरज पडत नाही.

येथे ग्रंथपालावर अन्याय होऊ नये. ड वर्गाच्या वाचनालयाला 2012 नंतर वर्षाला 30,000 रुपये अनुदान होते. 2022 मध्ये ते 60 टक्क्यांनी वाढून 48,000 झाले. म्हणजे महिन्याला 4,000. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, जागा आणि माणसाचे मानधन! ज्याला शेतमजुराइतकीही मजुरी पडत नाही त्या माणसाने उन्हाळ्यात सायंकाळी जादा वेळ बसावे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? तेव्हा आपली टीका फलकावरची सूचना लिहिणाऱ्या हातावर नाही. वाचनाला इतकी स्वस्त किंमत लावणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

आता कपाटाकडे वळू. उन्हाळी उपक्रमात मुलांपुढे जी पुस्तके येतात त्यांत ‘श्यामची आई’ हमखास असते. 1935 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक. साने गुरुजींच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यातच, त्यांनी प्राण पणाला लावले होते. ‘श्यामची आई’त एक प्रसंग आहे. लाकडांची मोळी पडलेली एक महार म्हातारी वाटेवर असहाय उभी आहे, आणि आईच्या सांगण्यावरून श्याम ती मोळी तिच्या डोक्यावर चढवून देतो. कथाकथनाच्या तासाला हा प्रसंग सांगितला जातो आणि मुलांचे डोळे ओलावतात. पण जिची आई त्याच सकाळी पानांचा भारा डोक्यावर घेऊन जंगलातून आली, ती मुलगी हा प्रसंग कुठे उभी राहून ऐकेल? श्यामच्या जागी तिला उभे राहता येत नाही. ती मोळीखाली आहे. तिला त्या म्हातारीचे नाव हवे असते, तिचे घर कुठे, तिला मुले किती, ती मोळी विकून तिने काय आणले, हे हवे असते. पुस्तक यातले काही सांगत नाही, कारण ते त्या मोळीच्या बाजूने लिहिलेले नाही. करुणेचे साहित्य आणि अनुभवाचे साहित्य यांतला फरक एवढाच आहे, आणि तो दहा वर्षांच्या मुलीला समजतो.

किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. पोर फुरसुंगीचे, शिकायला पुण्यात, चपळ आणि निर्भय. मला तो आवडतो आणि मुलांनाही आवडावा. पण त्याची सारी साहसे मोकळ्या वेळाच्या भांडवलावर उभी आहेत. चोराचा माग काढायला निघालेल्या मुलाला संध्याकाळी फळीवर हजर राहायचे नसते. ही पुस्तके काढून टाकावीत असे मी म्हणत नाही. आपल्या मुलांनाही दुसऱ्याच्या सुट्टीत फिरून येण्याचा हक्क आहे. आक्षेप एवढाच की त्यांना स्वतःच्या उन्हाळ्यात कुणी नेत नाही.

त्यांचा उन्हाळा मराठीत लिहिला गेलेला नाही असे थोडेच आहे! दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 चे, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ 1979 चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 चे, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 चे. ही बालपणाची पुस्तके आहेत. भूक, शाळा, रस्ता, आजी, मार, हट्ट, सगळे त्यांत मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. पण ती ‘आत्मचरित्र’ या मोठ्यांच्या कपाटात कुलूपबंद असतात. मुलांना झेपणार नाहीत, असे उत्तर मिळते. त्यातले काही भाग झेपणार नाहीत हे खरे. पण जे सोसणे मुलांना झेपते ते वाचणे झेपत नाही, हा तर्क विचित्र आहे. चांगला शिक्षक निवडून दहा पाने वाचू शकतो. बेबी कांबळे तर दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी वर्तमानपत्रे वाचून घडलेल्या वाचक आहेत. त्यांची गोष्ट ऐकून एखाद्या मुलीला वाटेल की वाचायला शिबिराचे प्रमाणपत्र लागत नाही. हेच भाषेलाही लागू आहे. या भागातली मुले घरी झाडीबोली बोलतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी त्या बोलीसाठी आयुष्य वेचले. दंडार आणि खडीगंमत याच मातीतल्या. वक्तृत्वाच्या तासाला मात्र पहिली गोष्ट घडते ती म्हणजे मुलाचा उच्चार सुधारला जातो. तोंड उघडताच ज्याला दुरुस्त केले जाते ते मूल पुढे बोलत नाही.

आता आपल्या स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपली चळवळ पुस्तकाच्या बाबतीत कधी गरीब नव्हती. 1924 मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहांबरोबरच वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे तिचे जाहीर उद्दिष्ट होते. आजही 11 एप्रिलच्या फुले जयंतीपासून वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत आपला स्वतःचा वाचनाचा हंगाम असतो. 14 एप्रिलच्या निमित्ताने गावोगाव विद्यार्थी सलग 18 तास वाचत बसतात. पुतळ्याला हार घालण्याऐवजी त्याच्यापुढे बसून वाचावे, ही कल्पना जगातल्या कोणत्याही ग्रंथालयाला भूषण वाटेल अशी आहे. ती आपल्या मुलांची आहे.

परंतु 18 तासांनंतर काय? दुसऱ्या दिवशी समाजमंदिराला कुलूप लागते. जेथे लागत नाही तेथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालते. मी तिच्याविरुद्ध नाही. नोकरी हा आपल्या घरांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. पण अभ्यासिकेत पुस्तक उत्तरासाठी उघडले जाते, प्रश्नासाठी नाही. तेथे वीस वर्षांचा तरुण येतो, दहा वर्षांची मुलगी येत नाही. बाबासाहेबांचे वाचन आपण विक्रमासारखे सांगतो: किती तास, किती ग्रंथ, किती पदव्या. एक गोष्ट सांगायची राहते. शाळकरी वयात ते चर्नीरोडच्या बागेत वाचत बसत आणि तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना हेरले, पुस्तके दिली, आणि मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या मुलाजवळ जिद्द होती, आणि बागेत चौकशी करणारा एक माणूसही होता. आपल्या वस्तीतल्या मुलांकडे जिद्दीची कमतरता नाही. केळुसकरांची आहे. आणि पदवी मिळवून मास्तर झालेल्या आपल्या पिढीने ती जागा भरायची नाही, तर कुणी भरायची?

म्हणून मागण्या साध्या आहेत. तेंदूच्या हंगामात शिबिराची वेळ सायंकाळची असावी, फळीचा हिशेब आटोपल्यावर. बडोद्याची पेटी शंभर वर्षांनी तरी आपल्या टोल्यांपर्यंत यावी. पन्नास पुस्तकांची पेटी विहारात किंवा अंगणवाडीत ठेवायला इमारत लागत नाही. मुलांना अनामत माफ असावी, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला भावंडासकट आत घ्यावे. फाटलेल्या पुस्तकासाठी तिला दरडावू नये. न फाटलेले पुस्तक बहुधा न वाचलेले असते. मुलांनी सुट्टीत काय केले ते त्यांच्या बोलीत लिहून घ्यावे, आणि तो कागद वाचनालयाने जपून ठेवावा. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मंडळावर वस्तीतली माणसे, त्यातही बाया, सभासद म्हणून असाव्यात. हे मंडळाने आपणहून केले नाही तर आपण वर्गणी भरून सभासद व्हावे आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारावा. आणि ग्रंथपालाला जगण्याइतके वेतन मिळावे, ही मागणी आपल्या मोर्च्याच्या निवेदनात असावी. ती आजवर कुणी आपली मानलेली नाही.

1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यातून बाबासाहेब लोकसभेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. भंडाऱ्याने त्यांना मत कमी दिले असे आपण खंतीने म्हणतो. मताचे कर्ज आता फेडता येणार नाही. वाचकाचे फेडता येईल. पुढच्या मे महिन्यात ज्या सायंकाळी पहिली पुडकी फळीवर मोजली जातील, त्या सायंकाळी त्याच वस्तीत एक पेटी उघडलेली असावी आणि तिच्याजवळ एक माणूस बसलेला असावा. तो आपल्यापैकी कुणीही असू शकतो.